वैष्णवीचं कार्ड

रेणुकादास उमरीकर सर लातुरात बारावीच्या पोरांना गणित शिकवायचे. पहाटे सहाची एक बॅच, दुपारची एक आणि दिवेलागणीची एक. एकेका बॅचला दीड-दोनशे पोरं. शेवटच्या बाकावरच्यांना फळा नीट दिसत नसे, पण सरांचा आवाज तिथवर पोचायचा. उत्तर बरोबर आणि मधली पायरी गाळलेली, असं दिसलं की सर अर्धे गुण कापत. पोरं कुरकुरत, पालक खूश होत. त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते, लोक आपल्या राहत्या घरावर पत्र्याच्या खोल्या चढवून परगावच्या पोरांना ठेवून घेत होते, आणि निकाल लागला की चौकाचौकांत पोरांचे फोटो झळकत. त्या गर्दीत उमरीकर सरांचं नाव कधी फार मोठ्या अक्षरात लागलं नाही. पण "पोरगं हुशार आहे हो, घाई करून घोळ घालतं" म्हणणारा पालक शेवटी त्यांचाच पत्ता विचारत यायचा.

हा सावधपणा त्यांचा जन्माचा नव्हता. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला वाढलेला हा माणूस तरुणपणी अगदी बिनघोर होता. एसटी चुकली तर पुढची येईल, आज नाही झालं तर उद्या होईल, असा. त्यांची धाकटी बहीण सिंधु किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात दिलेली होती. तिचा नवरा तिथल्या शाळेत मास्तर. त्र्याण्णवच्या गणपतीत तिनं निरोप धाडला होता, "दादा, मला न्यायला ये, पोरीला घेऊन चार दिवस उमरीला राहीन." ह्यांनी उलट निरोप दिला की विसर्जन होऊ दे, मग बघू, घाई काय आहे. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला.

सिंधु आणि तिचा नवरा दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंतींखाली सापडले. त्यांची दोन वर्षांची मुलगी त्याच घरात पलंगाखाली जिवंत निघाली, तीही संध्याकाळी, जवानांनी वासे उचलल्यावर. रेणुकादास तिला लातूरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन शोधत होते तेव्हा ती व्हरांड्यात एका अनोळखी बाईच्या मांडीवर बसली होती. केसांत माती, ओठ पांढरे, रडणं नाही. त्यांनी तिला उचललं, कागदावर सही केली आणि घरी आणलं. त्यांना आणि प्रेमलाबाईंना मूल नव्हतं. वैष्णवी त्या घरात मोठी झाली ती मामा-मामी म्हणतच, पण घर तिचंच होतं.

तेव्हापासून रेणुकादास बदलले. गॅसचं बटण निजायच्या आधी दोनदा बघायचे. गावाला जाताना पैसे एका खिशात कधीच ठेवत नसत. वैष्णवीच्या शाळेची सहल असली की ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर आणि रस्त्यातल्या गावांची यादी आधी घरी यायची. प्रेमलाबाई चिडायच्या, पण फार बोलायच्या नाहीत. कारण त्यांना माहीत होतं.

वैष्णवीला डॉक्टर व्हायचं होतं. मामाच्या शहरात राहून दुसरं काही होणं अवघडच होतं म्हणा. दोन वर्षं ती पहाटे साडेपाचला सायकल काढायची. निकाल लागला तेव्हा नऊ गुण कमी पडले. खाजगी कॉलेजचा आकडा ऐकून रेणुकादास उठूनच आले. मग नांदेडला स्टेशनजवळ ऑफिस असलेल्या व्यंकट नावाच्या एजंटनं किरगिझस्तान सुचवलं. बिश्केक म्हणून शहर. पाच-सहा वर्षांत डॉक्टर, खर्च निम्म्याहून कमी.

"आधी मला नकाशात दाखवा," प्रेमलाबाई म्हणाल्या. दाखवल्यावर बराच वेळ त्या नकाशाकडे बघत बसल्या.

जायच्या आदल्या रविवारी रेणुकादासांनी वैष्णवीला समोर बसवलं. बँकेनं त्यांच्या क्रेडिट कार्डावर तिच्या नावाचं एक जोडकार्ड दिलं होतं. सरांनी त्याचा अभ्यास बोर्डाच्या पेपरासारखा केला होता.

"दुकानातलं मशीन विचारेल, रुपयात देता की तिथल्या पैशात. काय दाबायचं?"

"रुपयात. आपलं म्हणून कळतं ना किती गेले."

"इथंच चुकलीस. रुपयात दाबलं की ते स्वतःचा भाव लावतात. नेहमी तिथल्या सोममध्ये. पुढं. कार्ड आणि रोख एका पाकिटात?"

"नाही. वेगवेगळं."

"मशीनमधून रोख काढायची?"

"क्रेडिट कार्डावर नाही. त्याच दिवसापासून व्याज लागतं."

"आणि पिन?"

"मला माहीत आणि तुम्हाला माहीत."

"मामीला?"

वैष्णवीनं मामीकडे बघितलं. "मामीलाही नाही?"

"मामीलाही नाही. दोघांच्या पलीकडं गेला की तो पिन राहत नाही. आणि फोनवर तर ब्रह्मदेवानं विचारला तरी सांगायचा नाही. तू नाही, मी नाही."

"मामा, मी काय परीक्षा देऊन राहिले का?"

"देऊन राहिलीस असंच समज."

ती हसली. पण तिनं सगळं ऐकलं, आणि पुढं चार वर्षं तंतोतंत पाळलं. बिलात कधी एक वावगी ओळ आली नाही. दर रविवारी फोन यायचा. बर्फ कसं पडतं, तिथले लोक घोड्याचं दूध कसं पितात, मुलींनी मिळून वरण-फळं केली तर शेजारची रशियन बाई कशी वास घेत आली, असलं सगळं प्रेमलाबाईंना सांगून झालं की फोन मामाकडे यायचा आणि मामा विचारायचे, "कार्ड कुठंय?"

पाचव्या वर्षी, दिवाळीनंतर, तिनं होस्टेल सोडलं आणि गावाबाहेरच्या भागात एका म्हातारीच्या घरी खोली घेतली. महिन्याला साडेतीन हजार वाचत होते. तिनं ते अभिमानानं सांगितलं आणि मामांनाही अभिमान वाटला.

"दाराला कुलूप कसलं आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन आहेत. एक आतून. आणि खोली मस्त उबदार असते मामा, म्हातारी कोळशाची शेगडी पेटवते. सोबत एक मुलगी आहे, नायगावची."

कुलुपाबद्दल त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. शेगडीबद्दल एकही विचारला नाही.

त्याच दिवाळीत आणखी एक गोष्ट झाली होती. क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे शेषेराव म्हणून सर होते. हैदराबादला शिकत असलेल्या त्यांच्या मुलाच्या मित्राचा म्हणून त्यांना एक फोन आला. मुलाला अपघात झालाय, दवाखान्यात पैसे भरायचेत, कार्डाचा नंबर आणि पिन सांगा. बोलणारा हुंदके देत होता. मुलाच्या होस्टेलच्या खोलीचा नंबरसुद्धा त्यानं बरोबर सांगितला. शेषेरावांनी सगळं सांगून टाकलं. ऐंशी हजार गेले, आणि मुलगा खोलीत झोपलेला होता. स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "ऐकताना काही सुचत नाही हो," शेषेराव पुन्हा पुन्हा म्हणायचे. रेणुकादासांनी त्या रविवारी वैष्णवीला हा प्रकार सविस्तर सांगितला आणि पिनचा नियम पुन्हा म्हणवून घेतला.

दोन हजार चौदाच्या जानेवारीतला शनिवार होता, सव्वीस तारखेचा आदला दिवस. संध्याकाळी प्रेमलाबाईंचं हळदीकुंकू होतं. त्या स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापत होत्या. सर सकाळची बॅच आटोपून नुकते घरी आले होते. साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. नंबर बाहेरचा होता, पण वैष्णवीचा नव्हता.

"उमरीकर सर का? सर, मी सृष्टी. वैष्णवीच्या खोलीत ऱ्हाते." मुलगी धापा टाकत बोलत होती. "सर, ती उठंना. मी रातच्याला दुसरीकडं होते, सकाळी आले तर ती निपचित. शेगडीचा गॅस कोंडला म्हणतात. दवाखान्यात आणलंय. इथं म्हणतात दुसऱ्या दवाखान्यात न्या, तिथं ऑक्सिजनचं मोठं मशीन हाय, त्यात ठेवावं लागतंय. पर आधी पैसे भरा म्हणतात, रोख. कार्ड चालत न्हाई. तिचं कार्ड माझ्याजवळ हाय सर, एटीएममधून काढते. पिन सांगा."

पिनचा पहिला आकडा रेणुकादासांच्या ओठांवर आला. आणि लगेच दुसऱ्या क्षणी ते सावध झाले.

"वैष्णवीला फोन दे."

"ती बेशुद्ध हाय सर, कशी देऊ?"

"मग डॉक्टरला दे."

"त्यांना रशियनबिगर येत न्हाई. सर, इथं सगळे सुट्टीत गावी गेलेत, माझ्याजवळ लई थोडे पैसे हायत. लवकर सांगा ना."

"तुझं पूर्ण नाव काय? वैष्णवीचा रोल नंबर किती?"

पलीकडून मुलगी रडायलाच लागली. "रोल नंबर मला कसा माहीत असंल सर? पिन सांगा, मी पाया पडते."

त्यांनी फोन ठेवला. वैष्णवीच्या नंबरवर लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. व्यंकटला लावला तर तो लागेचना. तो देगलूरकडे कुणाच्या लग्नात होता हे नंतर कळलं.

प्रेमलाबाई तिळगुळानं माखलेले हात घेऊन दारात उभ्या होत्या. "कोण होतं? मला इथवर रडणं ऐकू आलं."

त्यांनी सांगितलं.

"सृष्टीच," प्रेमलाबाई म्हणाल्या. "अहो, तीच ती नायगावची मुलगी. वैष्णवी सांगत होती मला, सृष्टी म्हणून."

"नावं त्यांना माहीत असतात. शेषेरावांच्या पोराच्या खोलीचा नंबरसुद्धा माहीत होता."

"पण खरं असलं तर?"

"खरं असलं तर कॉलेजातून फोन येईल. व्यंकटचा येईल. पिन विचारत कोण फोन करतं? चोर करतो."

फोन पुन्हा वाजला. तोच नंबर. रेणुकादासांनी तो वाजू दिला.

"मला सांगा पिन," प्रेमलाबाई म्हणाल्या. "मी बोलते तिच्याशी. गेले तर पैसेच जातील ना?"

"पैसेच म्हणजे? पोरगी परमुलखात आहे. कार्ड रिकामं झालं तर तिनं महिनाभर खायचं काय? आणि समज, ह्या बाईनं तिचं पाकीट मारलं असेल, तर?"

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी उचलला आणि आवाज चढवून म्हणाले, "पुन्हा ह्या नंबरवर फोन केलास तर पोलिसात देईन." मग त्यांनी बँकेच्या नंबरवर फोन लावून वैष्णवीचं कार्ड बंद करवलं. चार मिनिटं लागली. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, आपण अगदी योग्य केलंत. सगळे ग्राहक इतके जागरूक असते तर बरं झालं असतं."

त्यानंतर तो नंबर वाजला नाही. रेणुकादासांना जरा हायसं वाटलं. बघ, चोरच होता, असं ते प्रेमलाबाईंना म्हणाले. प्रेमलाबाई वड्या थापायला आत गेल्या. दुपारी दोघंही नीट जेवले नाहीत. वैष्णवीचा फोन त्यांनी अकरा वेळा लावून बघितला. तो वाजत होता ते म्हाताऱ्या बाईच्या घरात, रिकाम्या खोलीत, उशीखाली.

संध्याकाळी बायका जमल्या. वाण लुटणं चालू होतं. सव्वापाचला व्यंकटचा फोन आला. "सर, तुम्हाला कुणी कळवलं का? वैष्णवी ताई सिरियस आहेत."

त्याच्यापुढचं सगळं रेणुकादासांना नंतर तुकड्या-तुकड्यांनीच आठवायचं. अंगणातल्या चपलांवरून ते धडपडत गेटपर्यंत गेले आणि कुठं जायचं ते न सुचून परत आले. बँकेतली बाई, ही दुसरी होती, म्हणाली की एकदा बंद केलेलं कार्ड पुन्हा सुरू होत नाही, नवं कार्ड सात दिवसांत घरपोच येईल. परदेशी पैसे पाठवणारं दुकान त्यांनी शटर वाजवून उघडायला लावलं, तर दुकानदार म्हणाला, आज आता होत नाही, उद्या सव्वीस जानेवारी आणि वर रविवार, परवा या. स्वतःचं कार्ड त्यांच्या खिशात होतं. त्यावर दीड लाखाची मुभा होती. ते कार्ड लातुरात होतं आणि पोरगी तिकडे.

सृष्टीनं सकाळपासून काय केलं तेही नंतर कळलं. सरांचा नंबर तिला वैष्णवीच्या पाकिटात कार्डामागं सापडला होता. घरमालकीण म्हातारीनं डब्यातले होते नव्हते ते दिले. सृष्टीनं आपला लॅपटॉप एका दुकानात निम्म्या भावात टाकला. कॉलेजच्या रखवालदारानं थोडे दिले. तरी पुरे पडले नाहीत. व्यंकटचा तिथला माणूस दुसऱ्या शहरात होता. तो डोंगरातल्या बर्फातून रस्ता काढत रविवारी दुपारी पोचला तेव्हा उरलेले पैसे भरले गेले. वैष्णवीला त्या मशीनमध्ये ठेवलं तेव्हा पहिल्या फोनला सत्तावीस तास उलटले होते.

व्हिसाला चार दिवस लागले. रेणुकादास लातूरहून नांदेडला आले, तिथून सचखंड एक्स्प्रेसनं दिल्लीला गेले आणि दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. निघण्याआधी त्यांनी बँकेला परदेशी जात असल्याचं कळवलं होतं. दोन कार्डं होती. एक आतल्या खिशात, दुसरं प्रेमलाबाईंनी बनियनला शिवून दिलेल्या पिशवीत. बिश्केकच्या विमानतळावर फोनचं सिम घेताना दुकानदारानं मशीन पुढं केलं आणि मशीननं विचारलं, रुपये की सोम. त्यांच्या बोटानं बरोबर बटण दाबलं. क्षणभर ते त्या बोटाकडे बघत राहिले, आणि त्यांना स्वतःची अशी किळस आली की बाहेर येऊन बर्फात त्यांनी उलटी केली.

सृष्टी दवाखान्याच्या दारात उभी होती. बुटकी, सावळी, मोठ्या माणसाचा वाटावा असा कोट घातलेली मुलगी. तिनं वाकून नमस्कार केला नाही. सरळ आत घेऊन गेली.

वैष्णवीचे डोळे अर्धे उघडे होते. घशात नळी होती. रेणुकादासांनी हाक मारली. बुबुळं हलली, पण ती हाकेनं हलली असं म्हणता येत नव्हतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. तो उबदार होता, मऊ होता, आणि त्यात धरून ठेवणं नव्हतं.

डॉक्टर वयस्कर बाई होती. सृष्टी मोडक्या रशियनमध्ये तिच्याशी बोलून मराठीत सांगत होती.

"विचार तिला," रेणुकादास म्हणाले, "पहिल्या दिवशीच मशीनमध्ये ठेवलं असतं तर?"

सृष्टीनं त्यांच्याकडे बघितलं. "खरंच विचारू का?"

"विचार."

बाई बराच वेळ बोलली. सृष्टी थोडकंच म्हणाली. "त्या म्हणतात, कुणीच सांगू शकत न्हाई. लवकर ठेवलं तर बरं होतंय कधीकधी. कधीकधी न्हाई बी होत. ती किती तास त्या गॅसमध्ये पडून होती तेच माहीत न्हाई."

नर्स औषधांची चिठ्ठी घेऊन आली. दुकान रस्त्यापलीकडं होतं, पैसे रोख लागणार होते. रेणुकादासांनी आतल्या खिशातून कार्ड काढलं आणि सृष्टीच्या हातात दिलं. आणि भर व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, पिनचे चार आकडे मोठ्यानं म्हणाले. ती हलली नाही म्हणून पुन्हा म्हणाले, आणखी मोठ्यानं.

"हळू बोला, सर," सृष्टी म्हणाली. "लोक ऐकतेत."

ती औषधं घेऊन आली. बिल, उरलेले पैसे आणि कार्ड तिनं त्यांच्या हातावर ठेवलं. पुढचे तीन आठवडे रोज हेच झालं. एकदाही एक सोम इकडचा तिकडं झाला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी ते वैष्णवीला स्ट्रेचरवर घेऊन परत आले. सोबत एक नर्स होती. त्यासाठी लातुरात घर बांधायला घेतलेली जागा विकावी लागली. नांदेडच्या आणि मग हैदराबादच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. सगळ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. मेंदूला इजा झाली आहे. श्वास घेईल, गिळायला शिकेल कदाचित, झोपेल, उठेल. ओळखेल का, ते सांगता येत नाही.

ती ओळखत नव्हती. पहिलं वर्ष प्रेमलाबाईंना वाटायचं की ओळखते. वरण-भाताची पातळ पेज चमच्यानं भरवताना ती कधी तोंड उघडायची, कधी नाही. उघडलं की त्या म्हणायच्या, "बघा, बघा." दुसऱ्या वर्षी त्यांनी बघा म्हणणं सोडलं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. रेणुकादासांनी सकाळची आणि दुपारची बॅच सोडली. संध्याकाळची तेवढी ठेवली, कारण औषधांना पैसे लागत. क्लास आता तीन मजली झाला होता, आणि तरुण मास्तर पायऱ्या गाळून चटकन उत्तर काढायच्या युक्त्या शिकवत होते. पोरांना त्याच हव्या होत्या. सर फळ्यावर लिहीत आणि मध्येच थांबून राहत. पोरं आधी एकमेकांकडे बघत, मग वही मिटून निघून जात.

नवरा-बायकोत त्या शनिवारचा विषय कधी निघाला नाही. प्रेमलाबाईंनी एकदाही टोमणा मारला नाही. त्यांनी मारावा, असं रेणुकादासांना फार वाटायचं.

तीन वर्षांनी, एका मे महिन्यातल्या दुपारी सृष्टी आली. शिक्षण संपवून ती नायगावला परतली होती. परदेशात शिकलेल्यांना इथं जी परीक्षा द्यावी लागते तिच्यात दोनदा नापास झाली होती आणि तिसऱ्यांदा बसायच्या तयारीत होती. प्रेमलाबाईंनी तिला जवळ घेतलं. ती आतल्या खोलीत गेली, वैष्णवीच्या पलंगाच्या कडेला बसली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, तळव्यावर किल्ली ओढून बघितली, पाठ बघितली. मग तिचे केस विंचरून वेणी घातली.

"पाठ लई चांगली ठेवलीय मामी तुम्ही," ती म्हणाली. "एवढी निगा दवाखान्यात बी होत न्हाई."

"सुधारेल का गं?" प्रेमलाबाईंनी विचारलं. तीन वर्षांत कुणा डॉक्टरला त्यांनी असं हळू विचारलं नव्हतं.

सृष्टीनं मान हलवली. नाही.

चहा झाला. रेणुकादास तिला सोडायला बसस्टँडपर्यंत चालत गेले. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. नांदेडची गाडी लागायची होती. दोघं खांबाच्या सावलीत उभे राहिले. स्टँडवर सुट्टीत घरी निघालेल्या क्लासच्या पोरांची गर्दी होती, गाद्या, बादल्या, पुस्तकांची खोकी.

"सर, एक विचारू?" सृष्टी म्हणाली. "तीन वर्षं झाली, मला पडलेलं कोडं हाय. त्या दिवशी माझ्या आवाजात तुम्हाला काय खोटं वाटलं? मी काय चुकीचं बोलले? दुसरं कसं सांगायला पाह्यजे होतं?"

रेणुकादासांना उत्तर माहीत होतं. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बँकेची बाई, शेषेरावांचा अनुभव, रोल नंबर, कितीतरी सबबी हाताशी होत्या, आणि त्यातली एकही खोटी नव्हती.

"काही नाही," ते म्हणाले. "तुझ्या आवाजात काहीच खोटं वाटलं नव्हतं. पहिल्या वाक्यालाच मला कळलं होतं की ही पोरगी खरं बोलून राहिलीय."

सृष्टीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मग?"

"शेषेरावांनाही तसंच कळलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, आपल्याला खरं वाटतंय म्हणूनच आपण फसणार. म्हणून स्वतःचं ऐकलं नाही."

गाडी लागली. पोरांनी खिडक्यांतून रुमाल आणि पिशव्या टाकून जागा धरायला सुरुवात केली. सृष्टी दारापर्यंत गेली, वळली, आणि रेणुकादासांना वाटलं ती आता काहीतरी म्हणेल, कडू का असेना. तिनं फक्त "येते, सर" म्हटलं आणि गर्दीत शिरून वर चढली.

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ते तिथंच उभे होते. मग त्यांनी घड्याळ बघितलं. चार वाजत आले होते, वैष्णवीची कूस बदलायची वेळ झाली होती. प्रेमलाबाईंना एकटीला ती वळवता यायची नाही. ते उन्हातून भरभर घराकडे चालायला लागले.